खाली या, टेबल रिकामं आहे

गेल्या मंगळवारी सव्वाआठच्या स्लो लोकलला भांडुपला आमच्या ग्रुपमधली मैत्रीण चढली आणि बसायला जागा मिळायच्या आधीच तिने पर्समधून रिपोर्ट काढून माझ्या हातात ठेवला. शुगर बॉर्डरवर, वजन वाढलेलं, डॉक्टरांनी सांगितलंय रोज काहीतरी हालचाल पाहिजेच. मग म्हणाली, तू हल्ली किती फ्रेश दिसतेस, जिम लावलीस का गं, मी पण लावू का? मी म्हटलं जिमचं नंतर बघ, आधी एखादा खेळ शोध. ती म्हणाली, या वयात कुठला खेळ? मी सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात घाटकोपर आलं, आत जी गर्दी घुसली त्यात ती एका टोकाला आणि मी दुसऱ्या, विषय राहिला तो राहिलाच. व्हॉट्सअॅपवर टाइप करायला बसले तर मेसेज संपेना, म्हणून इथेच सगळं लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी माझा पण असाच रिपोर्ट आला होता. एचबीएवनसी ६.१. ही टेस्ट म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ५.७ च्या खाली असेल तर नॉर्मल, ६.५ पासून पुढे डायबिटीस, आणि मी बरोबर मधे. माझ्या आईला डायबिटीस होता, तिचं सगळं मी जवळून बघितलंय, इन्सुलिनच्या सुया फ्रिजच्या दारात कुठे ठेवलेल्या असायच्या ते आजही डोळ्यासमोर आहे. त्यामुळे तो आकडा बघून मी खरंच घाबरले. त्या रात्री झोप नाही लागली.

मग सुरू झाली शोधाशोध. पहिली जिमच. ऑफरमधे वर्षाचे पैसे एकदम भरले, दीड महिना गेले. जिममधे वाईट काहीच नव्हतं, मशीन चांगल्या, शिकवणारी मुलगी गोड. पण ती जिम स्टेशनच्या त्या बाजूला, म्हणजे ऑफिसमधून आल्यावर मुलुंडला उतरायचं, वेस्टला जायचं, तासभर करायचं, परत ब्रिज चढून ईस्टला यायचं आणि वाटेत भाजी. सातव्या आठवड्यात एक दिवस पाऊस आला, एक दिवस मुलीची परीक्षा, एक दिवस नुसतंच दमले होते, आणि मग सुटलं ते सुटलंच. उरलेले पैसे परत मिळत नाहीत हे मला नंतर कळलं, भरायच्या आधी विचारायला हवं होतं.

मग रनिंग. नवऱ्याच्या ऑफिसमधले लोक दरवर्षी जानेवारीतल्या मॅरेथॉनला जातात, त्यांचं बघून आम्ही दोघं पहाटे साडेपाचला रस्त्यावर. सुरुवातीला फार मजा आली. पहाटेची मुंबई बघितली नसेल तर एकदा तरी बघाच, दूधवाले, पेपरचे गठ्ठे सोडणारी मुलं, रिकामा हायवे, आपलंच शहर आहे असं वाटत नाही. पण मी शेहेचाळीसची, आधीपासून वजन जास्त, रस्ता सिमेंटचा, आणि घाई करून पहिल्याच महिन्यात पाच किलोमीटरवर गेले. गुडघा धरला. डॉक्टर म्हणाले पळायला हरकत नाही पण हळूहळू वाढवायचं असतं, आधी चालायचं, मग थोडं पळायचं, परत चालायचं. ते बरोबरच होतं पण तोपर्यंत माझं मन उडालं होतं.

पोहणं मला सगळ्यात जास्त आवडलं असतं. कालिदास नाट्यगृहाला लागून आपला महापालिकेचा तरणतलाव आहे, ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं, गुडघ्यावर भार नाही, सगळं अंग हलतं, पाण्यात उतरलं की डोकं शांत. माझं गणित बसलं नाही ते फक्त वेळेचं. मला जी बॅच जमली असती ती आणि माझी गाडी एकमेकींवर येत होत्या, आणि केस ओले घेऊन फोर्टला ऑफिसात जाऊन बसायचं म्हणजे रोजची सर्दी.

बॅडमिंटन आम्ही बिल्डिंगच्या कंपाउंडमधे खेळून बघितलं. हा खेळ आपल्या अगदी घरचा, पूर्वी याला ‘पूना’ असंच म्हणायचे कारण पुण्यातल्या छावणीत ब्रिटिश अधिकारी तो खेळायचे. आणि आता थॉमस कप आणणाऱ्या टीममधला चिराग शेट्टी आपल्या मुंबईचाच. पण शटल म्हणजे पाच ग्रॅमचा जीव, जरा वारा आला की पार्किंगमधल्या गाड्यांवर. बरं कोर्ट घ्यावं म्हटलं तर डबल्सचं कोर्ट ४४ फूट बाय २० फूट, म्हणजे ८८० चौरस फूट झाले. मुलुंडला ८८० फुटात दोन बेडरूमचा फ्लॅट बसतो हो! एवढी मोकळी आणि वर छप्पर असलेली जागा मुंबईत कोण कोणाला फुकट देणार, म्हणून हॉलचे तासाचे पैसे, आणि त्यासाठी आधी चार जणांच्या वेळा जुळवा.

आणि मग एका रविवारी सोसायटीच्या एजीएमला खुर्च्या काढायला मी ऑफिसच्या मागच्या खोलीत गेले.

ही खोली म्हणजे आमच्या बिल्डिंगचं अडगळीचं घर. गणपतीच्या मखराचे तुकडे, दिवाळीच्या माळा, कोणाचं तरी लहानपणीचं सायकलचं चाक, आणि सत्तर-ऐंशी प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घातलेल्या. खुर्च्या काढता काढता खाली हिरवं काहीतरी दिसलं. टेबल टेनिसचं टेबल! आमच्या बिल्डिंगला टेबल आहे हे मला चौदा वर्षं राहून माहीत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका शेजारी उभे होते, ते म्हणाले, अगं हे आम्ही पोरांसाठी घेतलं होतं, वर्गणी काढून, मग पोरं अमेरिकेला गेली आणि टेबलावर महाप्रसादाची पातेली यायला लागली. असं म्हणत त्यांनी तळहाताने त्यावरची धूळ पुसली, अगदी हळू, पाठीवरून हात फिरवावा तशी. मी त्याच दिवशी ठरवलं.

टेबल ९ फूट बाय ५ फूट. ४५ चौरस फूट फक्त. दोन्ही बाजूला मागे सरकायला पाच-सहा फूट मिळाले की झालं, आपल्यासारख्या हौशी लोकांना तेवढं पुरतं. आमची खोली जेमतेम २० बाय १२, त्यात बसलं. मुंबईच्या माणसासाठी यापेक्षा सोयीचा खेळ मला तरी सापडला नाही. पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही, वारा नाही, अंधार पडला तर ट्यूबलाइट. जून ते सप्टेंबर जेव्हा सगळ्यांचं चालणं-पळणं बंद असतं तेव्हा आमचं सगळ्यात जास्त खेळून होतं. आणि मुख्य म्हणजे माझ्या दारापासून टेबलापर्यंत बेचाळीस पायऱ्या. मी मोजल्यात. चपला घालेपर्यंत पोचते.

टेबलाला खोड आहे एक. २६ जुलैच्या पावसात खोलीत पाणी शिरलं तेव्हा त्याची दोन अर्धुकं भिंतीला टेकवून उभी होती, एका अर्धुकाचा खालचा कोपरा भिजून फुगला. त्या कोपऱ्यावर बॉल पडला की उठतच नाही, टक असा आवाज यायच्या ऐवजी थप् येतो आणि बॉल तिथेच बसतो. आता आम्हाला सगळ्यांना तो कोपरा पाठ आहे आणि काका तर बरोबर तिथेच टाकतात. नवीन टेबल घ्यावं असं दोन-तीनदा मीटिंगमधे निघालं, मला नाही वाटत घ्यावं. चालतंय की.

आता माझी मैत्रीण विचारेल की यात व्यायाम होतो का, हे तर उभ्या उभ्या खेळतात. हा प्रश्न मलाही होता. तर असं आहे की कुठल्या कामाला शरीर किती खर्च करतं ते मोजायचं एक माप असतं, मेट म्हणतात, गप्प बसलो की १ मेट. टेबल टेनिस साधारण ४ मेट धरतात, म्हणजे भरभर चालण्याच्या जवळपास. ३ ते ६ च्या मधलं सगळं मध्यम व्यायामात येतं आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा मध्यम व्यायाम सांगते. आम्ही मंगळवार, गुरुवार एकेक तास आणि शनिवार-रविवार मिळून दोन तास खेळतो. वाट बघत बसण्याचा वेळ वजा केला तरी दीडशे मिनिटं सहज होतात. साठ किलोच्या माणसाला तासाला अंदाजे २४० कॅलरी, म्हणजे फार नाही, दोन बटाटेवडे झाले की संपल्या, त्यामुळे नुसतं खेळून बारीक होऊ असं समजून कोणी येऊ नये. माझं वजन वर्षात चार किलो उतरलं त्यात चहातली साखर बंद केल्याचा पण वाटा आहे आणि रात्रीचा भात निम्मा केल्याचा पण.

पण ते ४ मेट पण कसं खेळता त्यावर आहे. सरळ उभं राहून नुसता हात हलवला तर काही होत नाही, घाम पण येत नाही. गुडघे थोडे वाकवायचे, वजन पायाच्या चवड्यांवर, टाच नुसती टेकलेली, आणि प्रत्येक शॉट मारून झाला की परत मधे यायचं. ही एक सवय काकांनी मला महिनाभर ओरडून ओरडून लावली, ‘मधे ये, मधे ये!’ आता कळतं का ते, पाच मिनिटांच्या रॅलींमधे मांड्या भरून येतात. दुसरं म्हणजे बॉल स्वतः उचलायचे. नवशिक्यांचं अर्धं खेळणं बॉल शोधण्यातच जातं, कपाटाखाली, खुर्च्यांच्या ढिगात, आणि प्रत्येक वेळी कमरेतून न वाकता गुडघ्यातून खाली बसून उचलायचा, एका तासात पन्नास-साठ उठाबशा होतात आणि कळत पण नाही. आणि रविवारी जेव्हा सात-आठ जण जमतात तेव्हा आम्ही गोल फिरून खेळतो, एक बॉल मारायचा आणि पळत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जायचं, चुकला तो बाद. त्यात आठ वर्षांचा मुलगा असतो आणि त्याची आजी पण असते, आणि शेवटच्या दोघांत तर इतकं पळावं लागतं की श्वास पुरत नाही. हा प्रकार ज्याने कोणी शोधला त्याचे मी मनापासून आभार मानते.

अजून एक गोष्ट आहे जी मुंबईतच कळेल. खेळताना पंखा बंद ठेवावा लागतो. बॉल २.७ ग्रॅमचा, आतून पोकळ, पंखा चालू असला की बॉल भलतीकडेच वळतो. ऑक्टोबर हीटमधे बंद खोलीत पंखा बंद करून अर्धा तास खेळून बघा म्हणजे घाम म्हणजे काय ते कळेल. आमचा नियम आहे, प्रत्येक गेम संपला की दोन मिनिटं पंखा फुल आणि सगळे त्याच्या खाली उभे, पाणी प्यायचं, मग परत बंद. पाण्याची बाटली सोबत हवीच, घामात किती जातं ते लक्षात येत नाही.

काकांबद्दल लिहायलाच हवं. वय चौऱ्याहत्तर, बीईएसटीमधून रिटायर, कॉलेजला असताना खेळायचे. ते अजून एकवीसचाच गेम खेळतात. खरं तर २००१ पासून गेम अकरा पॉइंटचा झाला आणि सर्विस दोन-दोन, त्याच्या आधी एकवीस आणि पाच-पाच सर्विस. बॉल पण २००० मधे ३८ मिलीमीटरचा ४० केला, थोडा मोठा म्हणजे थोडा सावकाश जातो, बघणाऱ्याला दिसतो. काकांना हे सगळं माहीत आहे पण ते म्हणतात अकरामधे गरम व्हायच्या आत संपतं. मला वाटतं व्यायामाच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं खरं आहे, त्यामुळे काका असले की एकवीस, नसले की अकरा.

त्यांनीच मला सांगितलं की १९५२ ची टेबल टेनिसची वर्ल्ड चॅम्पियनशिप आपल्या मुंबईत झाली होती. आशियातली पहिली! मला वाटलं जुन्या आठवणीत काहीतरी मिसळलं असेल, घरी येऊन वाचलं तर अगदी खरं. आणि नुसती झाली नाही तर त्या स्पर्धेने सगळा खेळ बदलला. तोपर्यंत बॅटला बारीक पुटकुळ्यांचं पातळ रबर असायचं, बॉल लागला की खणखणीत आवाज. जपानचा हिरोजी सातो नावाचा खेळाडू जाड स्पंजची बॅट घेऊन आला. स्पंजवर बॉल लागला की आवाजच नाही. समोरचे मोठमोठे खेळाडू कानाने अंदाज घ्यायला सरावलेले, त्यांना कळेचना बॉल किती जोरात येतोय, आणि सातो सिंगल्सचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. पुढे १९५९ मधे रबर आणि स्पंजच्या जाडीला नियम घालावे लागले. आज आपण दुकानातून जी बॅट आणतो, वर रबर खाली स्पंज, तिच्या गोष्टीतलं एक मोठं पान मुंबईत लिहिलं गेलंय. हे वाचल्यापासून बॅट हातात घेतली की मला जरा वेगळंच वाटतं, म्हणजे अभिमान म्हणा.

आवाजाचं आमच्याकडे पण झालं, उलट्या बाजूने. पहिल्या मजल्यावरच्या एका घरी लहान बाळ होतं, त्यांनी तक्रार केली की रात्री टक टक टक ऐकू येतं, आणि त्यांचं काहीच चुकीचं नव्हतं. आम्ही टेबलाच्या पायांखाली जुन्या टायरच्या रबराचे तुकडे लावले, खिडकी बंद ठेवायला लागलो आणि नऊच्या पुढे खेळायचं नाही असं ठरवलं. आता ते बाळ तीन वर्षांचं आहे आणि संध्याकाळी येऊन बॉल गोळा करतं.

वेळेचा प्रश्न बायकांचा जास्त होता. आठ ते नऊ म्हणजे स्वयंपाकाची वेळ, बी विंगमधल्या वहिनी पहिल्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, मी बघूनच जाते गं, कुकर लावायचाय. पुढच्या वेळी पण तेच. मग आम्ही चौघी-पाच जणींनी घरी सरळ सांगितलं, मंगळवार गुरुवार आठला आम्ही खाली, कुकर ज्याला भूक लागेल त्याने लावायचा. माझ्या नवऱ्याने पहिल्या गुरुवारी डाळीत पाणी इतकं घातलं की सार झालं, आम्ही ते सार म्हणून भातावर घेतलं आणि छान लागलं. आता त्याचं वरण माझ्यापेक्षा चांगलं होतं. वहिनी आता एकही वार चुकवत नाहीत. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, डॉक्टरांना विचारून सुरू केलं, त्या फार पळत नाहीत पण त्यांची प्लेसमेंट अशी आहे की समोरचाच पळतो.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वहिनी आणि माझी सतरा वर्षांची मुलगी एका टेबलावर बरोबरीने खेळतात. ताकद कमी असेल तर स्पिन आहे, वेग कमी असेल तर जागा बघून टाकता येतो. टोकियोच्या पॅरालिम्पिकमधे भाविना पटेलने व्हीलचेअरवर बसून सिल्व्हर आणलं, टेबल तेच, नेटची उंची तीच. शरथ कमल २००६ मधे कॉमनवेल्थचा सिंगल्स चॅम्पियन झाला आणि २०२२ मधे वयाच्या चाळिसाव्या वर्षी परत झाला. सोळा वर्षांनी! मला दुसऱ्या फार कमी खेळांत हे शक्य दिसतं. आणि आपल्या मुंबईची दिया चितळे खेळताना बघा एकदा, माझी मुलगी तिचे व्हिडिओ बघून सर्विस शिकली.

डेन्मार्कमधे कोपनहेगनला एक मोठा अभ्यास झाला होता, २०१८ मधे छापून आला, साडेआठ हजारांवर माणसं, पंचवीस वर्षांपर्यंत लक्ष ठेवलेलं. कोण कुठला खेळ खेळतं आणि किती जगतं असं बघितलं. काहीच न करणाऱ्यांपेक्षा टेनिस खेळणारे सरासरी ९.७ वर्षं जास्त जगले, बॅडमिंटनवाले ६.२, फुटबॉल ४.७, सायकल ३.७, पोहणं ३.४, जॉगिंग ३.२ आणि हेल्थ क्लबमधे जाणारे १.५. टेबल टेनिस त्या यादीत नव्हतं, त्यामुळे मी त्याचा आकडा सांगत नाही. आणि टेनिसमुळेच आयुष्य वाढलं असं पण त्यातून सिद्ध होत नाही, टेनिस खेळणारी माणसं मुळात पैशाने बरी असतील, आधीपासून तब्येतीची असतील. पण अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच एक गोष्ट बोलून दाखवली की ज्या खेळांत समोर दुसरं माणूस लागतं ते वर आहेत आणि एकट्याने करायचे खाली. मला हे वाचून आमची खोली आठवली. जिमला मी गेले नाही तर कोणाला कळायचं पण नाही. इथे आठ वाजून पाच मिनिटांनी ग्रुपवर मेसेज येतो, ‘खाली या, टेबल रिकामं आहे’, आणि त्याला उत्तर नाही दिलं तर काका इंटरकॉम करतात. कितीतरी वेळा मी फक्त त्या इंटरकॉममुळे उठलेय. ऑफिसमधे वाईट दिवस गेलेला असतो, डोकं चढलेलं असतं, आणि तरी खाली जाते कारण कोणीतरी बॅट घेऊन उभं आहे. गेल्या वर्षी माझी आई गेली, त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी खाली गेले नाही, कोणी काही बोललं नाही, आणि मग एका गुरुवारी वहिनी वर आल्या, माझी बॅट शू रॅकवरून घेतली आणि म्हणाल्या चल, खेळू नकोस, नुसती बस. बसले. दहा मिनिटांनी खेळायला लागले.

तर खेळ निवडताना माझं म्हणणं एवढंच आहे की कॅलरीच्या तक्त्यात कुठला वर आहे ते नंतर बघ, आधी बघ की तुझ्या घरापासून सगळ्यात जवळ काय आहे आणि तिथे तुझी वाट बघणारं कोण आहे. तुझ्या जवळ तलाव असेल तर पोह. खाली मोकळी जागा असेल तर लगोरी खेळ, रिंग खेळ, मी खरंच सांगतेय. माझ्या बहिणीच्या बिल्डिंगमधे टेबल नाही पण गच्ची मोठी आहे, तिथे त्या सगळ्या जणी नेट बांधून रिंग टेनिस खेळतात, एक रबराची रिंग आणि एक दोरी, झालं काम. दादरला राहत असती तर मी कदाचित शिवाजी पार्कला फेऱ्या मारल्या असत्या चार मैत्रिणींबरोबर.

टेबल टेनिसच घ्यायचं असेल तर काही गोष्टी मी चुकून चुकून शिकले त्या सांगते. बॅट फार महाग घेऊ नकोस, मी पहिली आठशेची घेतली, ती दोन वर्षं पुरली. महागड्या बॅटचं रबर जास्त चिकट आणि उसळी मारणारं असतं, नवीन माणसाला बॉल आवरतच नाही, टेबलाच्या बाहेरच जातो. रबर ओल्या फडक्याने पुसून ठेवायचं नाहीतर धूळ बसून स्पिन जातो. बूट हवेतच, चांगल्या रबरी सोलचे, पावसाळ्यात लादीला दमटपणा येतो आणि चपला घालून खेळलं की घसरायला होतं, आमच्याकडे एकाचा पाय मुरगळलाय. बॅट घट्ट आवळून धरू नकोस, मी धरायचे, दोन महिन्यांत कोपर दुखायला लागलं, काका म्हणाले चिमणी धरल्यासारखी धर, उडून पण नाही गेली पाहिजे आणि मेली पण नाही पाहिजे. पहिल्या आठवड्यात नेटच्या भानगडीत न पडता नुसता बॉल बॅटवर उडवत घरातल्या घरात फिर, सलग शंभर झाले की हात बसतो. खेळायच्या आधी पाच मिनिटं खांदे, मनगटं, पोटऱ्या मोकळ्या करून घे. आणि यात हातापायांची ताकद फारशी वाढत नाही हे पण लक्षात ठेव, आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम वेगळा करावा लागतो, मी घरी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि ओट्याला धरून पुशअप करते, पंधरा मिनिटं लागतात. शुगरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचार.

माझा गेल्या महिन्यातला एचबीएवनसी ५.६ आला. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर होते, फोनवर उघडला, आणि पहिला फोन नवऱ्याला नाही, काकांना केला. ते म्हणाले, छान, पण तुझा बॅकहँड अजून लटका आहे, आठला ये.

हे सगळं लिहून झालं आणि पोस्ट करायच्या आधी मैत्रिणीचा फोटो आला. तिच्या बिल्डिंगच्या टेरेसच्या खोलीत तिने कुलूप काढून बघितलं. पाण्याच्या जुन्या टाकीमागे, भिंतीला टेकवून, निळ्या रंगाची दोन अर्धुकं, वर कोणाच्या तरी गाद्या. खाली लिहिलंय, हेच का गं ते? मी कळवलंय की हो हेच, गाद्या काढ, ओल्या फडक्याने पूस, लगेच कोरड्याने पूस, आणि कोपरे दाबून बघ फुगलेत का. शनिवारी मी नेट आणि दोन बॅटी घेऊन भांडुपला येतेय.